सेहेचाळीस की चौसष्ट?

माझे बाबा बोट चालवतात असं मी कॉलेजात पहिल्या वर्षी सांगितलं, तेव्हा मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला होता, "कुठली? कॅसिनोची की डॉल्फिन दाखवायची?" मांडवीच्या काठावर राहणाऱ्यांना आधी या दोनच बोटी आठवतात. बाबांची बोट या दोन्हींतली नाही. ती एका साहेबांची खासगी बोट आहे. साहेबांची बेळगावला फाउंड्री आहे. शनिवारी सकाळी ते चोर्ला घाट उतरून येतात, घरच्यांना घेऊन आग्वादच्या बाहेर दोन-तीन तास फिरतात आणि रविवारी परत जातात. उरलेले पाच दिवस बोट बाबांची. म्हणजे धुणं, पुसणं, इंजिन चालू करून बघणं, दोर बदलणं आणि भरती-ओहोटीच्या वेळा वहीत उतरवणं.

आम्ही मूळचे मालवणकडचे. आजोबा रापणीवर होते. बाबा सोळाव्या वर्षी इथे मालिमच्या जेटीवर आले, ट्रॉलरवर खलाशी झाले, मग तांडेल झाले. पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे परीक्षा देऊन त्यांनी सारंगाचा दाखला मिळवला आणि मग साहेबांकडे लागले. त्याला आता दहा वर्षं होतील. साहेब त्यांना नावाने हाक मारत नाहीत, 'तांडेल' म्हणतात. आमच्या घरी त्या हाकेचं फार कौतुक आहे.

तेव्हा साहेबांची बोट ३४ फुटी होती. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांनी ती विकून मोठी घ्यायचं ठरवलं. मुंबईत दोन वापरलेल्या मोटार यॉट विक्रीला होत्या, एक ४६ फुटी आणि एक ६४ फुटी. दलालाने दोन्हींच्या चकचकीत पुस्तिका पाठवल्या होत्या. आत पांढरे सोफे, लाकडी जमीन, आणि प्रत्येक फोटोत द्राक्षांची एक बशी. साहेब म्हणाले, "यात सगळं चांगलंच लिहिलंय. तांडेल, तुम्ही जाऊन बघून या की जरा. आणि काय वाटतंय ते लिहून द्या."

बाबांना बघता येतं, लिहून देता येत नाही. शाळा सातवीपर्यंतच झालेली. म्हणून असं ठरलं की बाबा मुंबईहून फोनवर सांगतील, आणि मी तक्ता करून अहवाल तयार करीन. मी तेव्हा एसवाय बीकॉमला होते. एक्सेल येतं याचा मला गर्व होता.

चार दिवसांत बाबांनी एकूण एकतीस व्हॉइस मेसेज पाठवले. ते ऐकताना मला पहिल्यांदा कळलं, की बाबांचं काम म्हणजे नुसतं सुकाणू फिरवणं नव्हे. पहिल्या दिवशी दोन्ही बोटींच्या इंजिनांना त्यांनी आधी हात लावून बघितला. इंजिन गार आहे ना? कारण विकणारा माणूस इंजिन आधीच तापवून ठेवतो, म्हणजे सुरू होतानाची खोड दिसत नाही. मग धूर. काळा धूर आला तर इंजिनाला हवा पुरत नाही किंवा त्याच्यावर जास्त भार पडतोय. निळा आला तर तेल जळतंय. पांढरा आला आणि थांबला नाही तर आत कुठेतरी पाणी शिरतंय. दुसऱ्या दिवशी बोटी पाण्याबाहेर काढल्या, तेव्हा बाबांनी बूड इंच इंच लहान हातोडीने ठोकून ऐकलं. फायबरचा थर धड असला की टणक आवाज येतो, आत पाणी मुरलं असलं की बद्द. फोनवर मला तो आवाज ऐकवला. "ऐकलंस? ह्यो बरो. आता ह्यो ऐक." मला दोन्ही सारखेच वाटले. बुडाला लावलेले झिंकचे तुकडे किती झिजलेत हेही त्यांनी पाहिलं. खाऱ्या पाण्यात ते तुकडे आधी झिजतात आणि पंख्याचा धातू वाचतो.

दोन्ही बोटी तशा निरोगी निघाल्या. म्हणजे प्रश्न फक्त आकाराचा उरला.

मला वाटलं होतं, हा सोपा हिशेब. ६४ फूट म्हणजे ४६ च्या दीडपटसुद्धा नाही. मग खर्चही साधारण तेवढाच वाढेल. पण आकडे भरत गेले तसं माझं गणित चुकत गेलं. बोट लांबीने वाढते तेव्हा ती रुंदीने आणि उंचीनेही वाढते. लहान बोटीचं वजन १५ टन, मोठीचं ३५. लहान बोट २२ नॉटच्या वेगाला तासाला सुमारे १५० लिटर डिझेल पिते. मोठी २४ नॉटला सुमारे ३००. हीच मोठी बोट ८ नॉटने हळू नेली तर ४० लिटरच्या आसपास भागतं. एवढा फरक का, हे मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, बोट हळू चालते तेव्हा पाणी कापत जाते. जोरात न्यायची तर स्वतःच उठवलेल्या लाटेवर तिला चढावं लागतं, आणि तो चढ संपत नाही. सगळं डिझेल तिथे जातं.

साहेबांना मुंबईपर्यंत जाता यायला हवं होतं. गोवा ते मुंबई सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. बाबा टाकीतलं एक पंचमांश डिझेल कधीच मोजत नाहीत, ते अडीअडचणीसाठी. तेवढं सोडून लहान बोट एका टाकीत वेगाने १६५ मैल जाते, म्हणजे वाटेत कुठेतरी डिझेल भरायला थांबणं आलं. नाहीतर ८ नॉटने अठ्ठावीस तास जायचं. मोठी २५० च्या वर जाते. हा मुद्दा मोठीच्या बाजूचा. पण मोठीला दीड मीटर पाणी लागतं, लहानीला एक मीटर दहा. आमच्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो आणि नदीच्या तोंडाशी वाळू साचते, तेव्हा हे चाळीस सेंटिमीटर लहान नाहीत. पावसाळ्यात बोट बाहेर काढायची तर १५ टन उचलणारी क्रेन मिळते, ३५ टनांची शोधावी लागते. बुडाचा रंग, जागेचं भाडं, विमा, सगळंच दुपटीच्या घरात.

तक्त्याच्या शेवटी एक ओळ होती, 'माणसे'. लहान बोटीपुढे मी लिहिलं, २. मोठीपुढे बाबांनी सांगितलं, ४. "एक कॅप्टन, एक इंजिनवालो, दोन खलाशी."

मी विचारलं, "कॅप्टन म्हणजे तुम्हीच ना?"

"नाय गो. एवढ्या बोटीक माजो दाखलो पुरणा नाय. विमेवाले वरचो दाखलो मागतत."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी पुढची ओळ लिहायला घेतली आणि मग थांबले. लहान बोट आली तर बाबा तांडेल राहणार. मोठी आली तर दुसरा कोणीतरी येणार आणि बाबा त्या दोन खलाशांतले एक होणार, तेसुद्धा ठेवलं तर. त्या वर्षी धाकट्या भावाचं आयटीआयला नाव घातलं होतं. घराच्या पत्र्यांसाठी सोसायटीचं कर्ज चालू होतं. आईला सांगितलं तर ती मासे कापता कापता थांबली आणि म्हणाली, "मग त्या मोठ्या बोटीचं एवढं कशाला लिहितेस?"

मी खोटं काही लिहिलं नाही, हे आधी सांगते. तक्त्यातला एकही आकडा मी बदलला नाही. मी फक्त एकतिसांतले दोन मेसेज गाळले.

पहिला होता तिसऱ्या दिवसाचा. मोठ्या बोटीत डोलणं कमी करायचं एक यंत्र आहे. आत जड चाक प्रचंड वेगाने फिरतं आणि बोट एका बाजूला कलायला लागली की तिला सावरतं. बाबांना पुस्तिकेवर विश्वास नव्हता. त्यांनी टेबलावर काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला आणि मला मेसेज केला, "मशीन चालू आसा. बाजूसून फेरीबोट गेली. थेंब सांडलो नाय. आता बंद करून बघतंय." मग दोन मिनिटांची घरघर, कोणाचं तरी हसणं, आणि बाबा, "अर्धो गिलास खाली." दुसरा मेसेज मागच्या फळीचा होता. मोठ्या बोटीची मागची फळी बटण दाबलं की लिफ्टसारखी पाण्यापर्यंत खाली जाते. लहान बोटीला तिथे तीन उभ्या पायऱ्या आहेत. त्या मेसेजच्या शेवटी बाबा म्हणाले होते, "आज्जी हयसून आरामात उतारतली."

आज्जी म्हणजे साहेबांच्या आई. त्यांचं माहेर मालवण. लहानपणी त्या मुंबईहून आगबोटीने मालवणला यायच्या. आगबोट लांब समुद्रात थांबायची आणि माणसं पडावात उतरून किनाऱ्याला लागायची. ती गोष्ट त्यांनी बाबांना कितीतरी वेळा सांगितली होती. एकदा समुद्रातून मालवण बघायचं एवढीच त्यांची इच्छा होती. पण खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ३४ फुटी बोटीवर त्यांनी एकदाच पाऊल ठेवलं होतं. बोट जरा हलली आणि त्या घाबरून परत फिरल्या. साहेबांनी मोठी बोट घ्यायचं मनात आणलं त्यामागे हेही एक कारण होतं. ते मला माहीत होतं. आणि माहीत असूनच मी ते दोन मेसेज गाळले. ते यंत्र मी तक्त्यात टाकलं, पण 'वाढीव देखभाल' या रकान्यात: जनरेटर सतत चालू ठेवावा लागतो, चाक वेगात यायला अर्धा-पाऊण तास लागतो, बिघडलं तर मेकॅनिक बाहेरून बोलवावा लागतो. फळीचंही तसंच: हायड्रॉलिक भाग, खाऱ्या पाण्यात गंज. सगळं खरं. शेवटी निष्कर्ष लिहिला, 'वरील बाबींचा विचार करता ४६ फुटी बोट अधिक सोयीची वाटते.'

बाबा परत आले. रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांना अहवाल वाचून दाखवला. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. पहिलं पान झालं, दुसरं झालं. आकडे ऐकताना बोटांवर काहीतरी मोजत होते. निष्कर्ष वाचला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"मी सांगितलंय ता सगळा लिवलंस?"

"हो."

"आज्जीचा खंय लिवलंस?"

मी म्हटलं, फळीचं लिहिलंय, देखभालीत आहे. ते म्हणाले, देखभालीचं नाही विचारत. ग्लासाचं कुठे आहे? मी गप्प बसले. आईच मधे बोलली, की पोरीने वाईट काय केलं, घरात दोन पैसे येतायत ते बघायला नकोत का, नवा कॅप्टन आला म्हणजे तुम्हाला पाणी शेंदायला लावील. आई काही चुकीचं बोलत नव्हती. बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले,

"साहेबान माका इचारल्यान, बोट खंयची बरी. माजी नोकरी खंयची बरी, ता इचारूक नाय."

मला राग आला. अजूनही तो पूर्ण गेलेला नाही. नऊ वर्षं ज्याने बोट सांभाळली, त्याला दलालापेक्षा खरं बोलायची सक्ती कशासाठी? दलालाने तर द्राक्षांचे फोटो पाठवले होते. मी बाबांना असं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, दलालाला साहेबांनी जाऊन बघायला सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ऑडिटिंगच्या बाई वर्गात सांगत होत्या, की हिशेबात जे लिहिलंय ते खरं आहे का एवढंच बघून भागत नाही, काय लिहायचं राहिलंय तेही बघायचं. मी वहीत उतरवून घेतलं आणि मान वर केली नाही.

अहवाल पुन्हा लिहिला. ग्लास घातला, फळी घातली, आणि 'आज्जींसाठी' म्हणून स्वतंत्र ओळ केली. निष्कर्ष मात्र बाबांनी काढायला लावला. म्हणाले, ते मी तोंडाने सांगतो. साहेबांनी अहवाल वाचून फोन केला तेव्हा बाबांनी स्पीकर लावला, कारण त्यांना स्पीकरशिवाय नीट ऐकू येत नाही. साहेब म्हणाले, "एकदम झकास केलंय पोरीनं. आता तुम्ही सांगा तांडेल, तुमचं काय म्हणणं?"

बाबा साहेबांशी बोलताना पुस्तकातलं मराठी बोलायचा प्रयत्न करतात. म्हणाले, "साहेब, माझ्यासाठी लहान बरी. माझा दाखला तिला पुरतो. तुमच्यासाठी मोठी बरी. पण मोठी घेतली तर खर्च दुप्पट धरा, आणि ओहोटीला नदीच्या तोंडातून घाईने काढायला सांगू नका."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग साहेब म्हणाले, "बघतो की."

मार्चमध्ये मोठी बोट आली.

बरोबर नवा कॅप्टनही आला. रत्नागिरीकडचा तरुण मुलगा, शिकलेला, वागायला चांगला. बाबांना 'काका' म्हणतो. बाबांचा पगार कमी झाला नाही, वाढलाही नाही. साहेब अजून 'तांडेल' म्हणतात, पण पहिल्या दिवशी ती हाक ऐकून नवा कॅप्टनच वळला होता. संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी हे हसत सांगितलं आणि मग जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले. आई त्या रात्री काही बोलली नाही. मला वाटलं होतं ती बोलेल.

ऑक्टोबरच्या शेवटी साहेब आज्जींना घेऊन मालवणला गेले. स्वयंपाकघरात मदतीला कोणीतरी हवं होतं म्हणून मीही गेले. सिंधुदुर्ग किल्ला डाव्या हाताला ठेवून आत शिरतात असं मला वाटायचं, पण तिथे पाण्याखाली खडक फार. कॅप्टनने बोट बाहेरच नांगरली. आज्जी खुर्चीत बसून किनाऱ्याकडे बघत होत्या आणि एकेका गोष्टीकडे बोट दाखवत होत्या. निम्म्या गोष्टी आता तिथे नव्हत्याच. मग त्या म्हणाल्या, मला उतरायचंय. यंत्र चालू होतं. मागची फळी हळूहळू खाली गेली. बाबा छोट्या रबरी होडीत गुडघे रोवून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. आज्जींनी एक पाय टाकला, थांबल्या, दुसरा टाकला. होडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "पडाव याहून हलायचा."

मी वर फळीपाशी उभी होते. सुकाणूवर कॅप्टन होता. त्या दोन पावलांसाठी दोन हात मोकळे असलेला माणूस खाली होता, आणि तो बाबा होते. मला हे बघून बरं वाटलं की वाईट, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. पहिल्या अहवालाप्रमाणे झालं असतं तर त्या वेळी बाबा सुकाणूवर असते आणि आज्जी बेळगावला.

आता बाबांनी वरच्या दाखल्याचा अर्ज केला आहे. समुद्रातल्या कामाचं पत्र साहेबांनी एका दिवसात दिलं. पहिल्या खेपेला तोंडी परीक्षा पास झाले, लेखीत थोडक्यात राहिले. आता पुन्हा बसतील. रोज रात्री मी त्यांना प्रश्न घालते. सगळ्यात अवघड जातात ते रात्रीच्या दिव्यांचे प्रश्न, आणि तेही ते येत नाहीत म्हणून नव्हे. काल मी पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं, "वर हिरवा, खाली पांढरा. कोण?"

बाबा चित्राकडे नीट बघून म्हणाले, "आपल्या मालिमचो ट्रॉलर."

"बाबा, पेपरात असं नाही चालत. 'ट्रॉलिंग करत असलेले जहाज' असं लिहायचं."

"ताच ता," ते म्हणाले, आणि पेन हातात घेऊन एकेक अक्षर लिहू लागले.